माथ्यावरचा हात

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक चालली होती. एक मावशी भिंतीला टेकून, उजवा हात डोक्यावर ठेवून बसली होती. कपाळाला हात लावतात तसा नव्हे, तळवा थेट टाळूवर. मला वाटलं, घरी काही विपरीत घडलंय. बैठक संपल्यावर बाजूला घेऊन विचारलं, तर ती हसली. म्हणाली, "ताई, हात खाले सोडा का ठनकस, वर ठेवा का बरं वाटस." रात्रीही ती तशीच झोपायची. यावरून घरात रोज बोलणी. डोक्यावर हात ठेवून बसणारी बाई घरात अवदसा आणते, हे सासूचं म्हणणं. कामाचा आळस, हे नवऱ्याचं.

नंतर जळगावच्या एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला हे सहज सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मानेतली नस दबली असणार." हात डोक्यावर नेला की दबलेल्या नसेवरचा ताण सैल होतो आणि ठणका उतरतो. वैद्यकाच्या पुस्तकांत ही आजाराची एक खूण म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे पुस्तकात जी आजाराची खूण, ती आमच्याकडे घरात अपशकुन ठरली होती. मावशीचं शरीर स्वतःचा उपाय शोधून बसलं होतं आणि त्याबद्दल तिला शिव्या पडत होत्या.

तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीत विचारते, रात्री हात डोक्यावर ठेवून कोण झोपतं? आधी हशा होतो. मग कुणीतरी हळूच सांगायला लागते. एकदा एकीने सांगितलं की बाकीच्यांना धीर येतो. हाताला मुंग्या येतात, भाकरी थापताना बोटं कळत नाहीत, चहाचा कप सुटतो, वेणी घालायला हात मागे नेववत नाही. यातली बहुतेक दुखणी दवाखान्यात कधी सांगितलीच गेलेली नसतात.

मी एमएसडब्ल्यू करत होते तेव्हा 'स्त्रियांचं आरोग्य' या विषयात बाळंतपण होतं, कुटुंबनियोजन होतं, रक्तक्षय होता. मान नव्हती. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, हे त्यातून जगाला कळलं. त्याआधी अंगावरून पांढरं जाणं म्हणजे बाईच्या जातीला असायचंच, असं धरून चाललं जाई. बाईच्या मानेचं आजही तेच चाललं आहे. डोक्यावरून ओझं नेते तर मान दुखणारच, त्यात काय सांगायचं?

दुखणं काय आहे ते थोडं समजून घेऊ. कारण 'मणक्यात गॅप आला' या तीन शब्दांवर आपल्याकडे फार धंदा चालतो. मानेत सात मणके असतात आणि तिथून दोन्ही बाजूंना आठ आठ नसा (मज्जातंतू) निघतात; त्यांतल्या खालच्या नसा खांद्यातून हातात, बोटांपर्यंत जातात. मणक्यांमध्ये चकत्या असतात. वयाबरोबर चकती झिजते, कधी सरकते, कधी मणक्याच्या कडेला हाड वाढतं. नस ज्या फटीतून बाहेर येते ती फट अरुंद होते आणि नस दाबली जाते, सुजते. म्हणून बिघाड मानेत आणि दुखणं हातात, असा हा प्रकार असतो. कोणती नस दबली ते बोटांवरून बरंचसं कळतं. अंगठा आणि पहिलं बोट बधिर असेल तर सहावी, मधलं बोट असेल तर सातवी, करंगळीची बाजू असेल तर आठवी. पण नस मनगटातही दबते. तेव्हाही अंगठ्याकडची बोटं बधिर होतात आणि रात्री जास्त छळतात. त्यामुळे एकदा कुणी नीट तपासणं आवश्यकच असतं. जिचा हात तपासून पाहिलेला नाही तिला फक्त एक्सरेवरून 'गॅप' आहे असं सांगणं म्हणजे निदान नव्हे. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या कितीतरी माणसांच्या एक्सरेत झीज दिसते आणि त्यांना काहीच होत नसतं.

आता उपचार. गावात पहिला उपचार म्हणजे सुई. दोन दिवस बरं वाटतं. दुसरा उपचार, नस बसवून देणारा माणूस. तो मानेला झटका देतो, कडकन आवाज येतो. मैत्रिणींनो, हे मात्र कुणालाही करू देऊ नका. मानेच्या आतून मज्जारज्जू जातो आणि मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्याही. तिसरा उपचार तालुक्याच्या डॉक्टरांचा: गोळ्या, गळ्याचा पट्टा आणि एक वाक्य, "आराम करा, व्यायाम करा." हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं की त्यात दोन परस्परविरुद्ध गोष्टी आहेत हेही कुणाच्या लक्षात येत नाही. कसला आराम, कसला व्यायाम, किती वेळ, कधी? चिठ्ठीवर गोळ्या सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा लिहिलेल्या असतात. व्यायामापुढे काहीच लिहिलेलं नसतं.

व्यायाम हा या दुखण्यावरचा खरा उपचार आहे, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. पण तो औषधासारखा मात्रेनं द्यायचा उपचार आहे. कामाचा व्यायाम आणि उपचाराचा व्यायाम यांत फरक आहे, हे आधी पुरुष डॉक्टरांना आणि मग आपल्या सासवांना सांगावं लागतं. "दिवसभर राबते, तिला आणखी कसला व्यायाम?" हे मी दोघांकडूनही ऐकलं आहे. दिवसभराच्या कामात बाईच्या मानेचे मागचे आणि खांद्याचे स्नायू सतत ताठलेले असतात. मानेच्या पुढच्या बाजूचे, मणक्याला आतून आधार देणारे बारीक स्नायू मात्र दुबळे पडतात. त्यांना जागं करायचं तर ओझ्याशिवाय, हळू, मोजून हालचाल करावी लागते. उताणं झोपून, डोक्याखाली गोधडीची पातळ घडी घेऊन, 'हो' म्हणताना हलवतो तेवढीच हनुवटी आत घ्यायची, दहा आकडे धरायची, सोडायची. बसून दोन्ही खवाटे मागे एकमेकांकडे ओढायचे. कपाळाला तळवा लावून मान न हलवता हलकाच जोर लावायचा. बघायला काहीच नाही. बघणाऱ्याला वाटतं, बाई पडून राहिली आहे.

एक नियम मला या सगळ्यात सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो न शिकलेल्या बाईलाही लगेच समजतो. व्यायाम करताना ठणका किंवा मुंग्या हातातून खाली बोटांकडे सरकायला लागल्या तर थांबायचं. दुखणं बोटांतून वर कोपराकडे, खांद्याकडे आवरत आलं, तर मान थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. मान गरागरा गोल फिरवायची नाही. आणि नस सैल करण्याचे म्हणून जे हात ताणायचे प्रकार असतात ते कागदावरून शिकायचे नाहीत, जाणकाराकडून एकदा स्वतःच्या अंगावर शिकून घ्यायचे.

आता पट्ट्याबद्दल. पट्टा महिनोन्महिने घातला तर मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात, म्हणून मी आधी पट्ट्यावर फार चिडायचे. मग अमळनेरकडच्या एका बाईने मला गप्प केलं. ती म्हणाली, "ताई, पट्टा घालते तेवढे दिवस सासू पाणी भरते." पट्टा दिसतो. मुंग्या दिसत नाहीत. पट्टा घातलेली बाई आजारी आहे यावर घर विश्वास ठेवतं.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं दुखणं सुरू होऊन महिनाही झाला नव्हता अशा २०५ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला पट्टा आणि विश्रांती. दुसऱ्याला सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी आणि घरी रोजचा व्यायाम. तिसऱ्या गटाला सांगितलं, जमेल तसं रोजचं जगत राहा. सहा आठवड्यांनी पहिल्या दोन्ही गटांचा ठणका तिसऱ्यापेक्षा बराच उतरला होता. सहा महिन्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते. यातला दिलासा असा की हे दुखणं बहुतेकांचं शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं. व्यायामाने किंवा विश्रांतीने सुरुवातीचे भयंकर आठवडे सुसह्य होतात, एवढंच. पण मी हा अभ्यास वाचला तेव्हा माझं लक्ष 'विश्रांती' या शब्दावर अडकलं. तिथल्या रुग्णाला विश्रांती म्हटली की विश्रांती मिळाली. माझ्याकडे येणारी बाई पहिल्या महिन्यात येतच नाही, तिसऱ्या वर्षी येते. आणि त्या तीन वर्षांत तिने एक दिवस डोक्यावरचा हंडा उतरवलेला नसतो.

पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, भांडं वेगळं. वर कळशी. चुंबळ टाळूला टोचू देत नाही, मणक्याला काही वाचवत नाही. पारोळा-अमळनेरकडे उन्हाळ्यात या खेपा वाढतात. नळ आला त्या गावांतही पाणी रोज येत नाही, आलं की सगळं भरून ठेवायचं असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर असते, तेव्हा मान वर करायलाही फुरसत नसते. दिवसभर खाली बघून वेचायचं, कमरेची ओटी भरली की रिकामी करायची, शेवटी गाठोडं डोक्यावर घेऊन बांधापर्यंत. दोंडाईच्याकडे मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका, घरोघरी शिलाई मशीनवर वाकलेल्या बायका यांच्या डोक्यावर ओझं नसतं, पण स्वतःचं चार-पाच किलोचं डोकं पुढे झुकवून तासन्‌तास धरावं लागतं. शिरपूर आणि साक्रीच्या डोंगरपट्ट्यात सरपणाचा भारा. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस घरात आला, पण दुसरी टाकी भरायला पैसे नसले की भारा पुन्हा डोक्यावर येतो. डोक्यावरचं ओझं आणि मानेचं दुखणं यांचा संबंध तपासायला लोक लिंपोपोत, दक्षिण आफ्रिकेत गेले. पाणी वाहणाऱ्यांची एक छोटी पाहणी तिथून २०१० साली प्रसिद्ध झाली आणि मान-पाठीच्या तक्रारी भरपूर निघाल्या.

गंमत अशी की महाराष्ट्राला डोक्यावरच्या ओझ्याचा कायदा नवा नाही. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हमालांनी लढा दिला आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. माथ्यावरचं ओझं हे काम आहे, त्याची नोंद हवी, मजुरी ठरलेली हवी, त्याला रजा आणि भविष्यनिर्वाह निधी हवा, हे या राज्याने मान्य केलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६७ साली, एका माणसाने किती वजन उचलावं याचा ठराव केला होता. पुरुषासाठी जास्तीत जास्त ५५ किलो आणि बाईसाठी त्याहून पुष्कळ कमी, अशी शिफारस त्यासोबत होती. घरात पाणी भरणारी बाई मात्र कुणाच्याच नोंदीत नाही. ती माथाडी नाही, ती सून आहे.

इथे आपल्याच चळवळीतल्या काही मैत्रिणींशी माझं जमत नाही. त्या म्हणतात, ओझं समाजाने दिलं आणि तू बाईला हनुवटी आत घ्यायला शिकवतेस? हा तर दोष तिच्याच माथी मारणं झालं. म्हणणं चुकीचं नाही. पण नळाचा मोर्चा यशस्वी होईपर्यंत त्या बाईच्या बोटांनी काय करायचं? बोटातली शक्ती गेली तर ती मोर्चातही झेंडा धरू शकणार नाही. उलट बाजूने, व्यायामाचा तक्ता देऊन निघून जाणाऱ्या तज्ज्ञांनाही मी हेच विचारते. सकाळी वीस मिनिटं व्यायाम आणि दिवसभर चाळीस खेपा, यात जिंकणार कोण?

मी शहाणपणा सांगते आहे खरी, पण माझी स्वतःची एक चूक लिहिल्याशिवाय हा लेख लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. आमच्या व्यायामाला येणारी एक बाई, पंचेचाळिशीची. हात बधिर, म्हणून मी तिलाही सगळ्यांबरोबर बसवलं. दोनदा ती म्हणाली, "ताई, पोलक्याचे हूक लागत नाहीत आता, पोरीकडून लावून घेते." मी म्हटलं, होईल, व्यायाम चालू ठेवा. मग म्हणाली, चालताना झोक जातो, पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही. मी अशक्तपणा समजले, शेंगदाणे-गूळ खायला सांगितलं. दोन महिने गेले. एक दिवस ती अंगणात पडली. मोठ्या शहरात नेल्यावर कळलं की मानेत नुसती एक नस नव्हे, आतला मज्जारज्जूच दाबला जात होता. शस्त्रक्रिया झाली. ती चालते, पण सुईत दोरा ओवू शकत नाही आणि ती शिलाईवर घर चालवत होती. मला कुणी काही बोललं नाही. तिनेही नाही. ते जास्त लागलं.

म्हणून आता आम्ही व्यायामाच्या आधी हे प्रश्न विचारतो आणि तुम्हीही विचारा. हूक, बटण लावताना, धान्य निवडताना बोटं चुकतात का? दोन्ही हात एकदम बधिर होतात का? चालताना झोक जातो, पाय जड वाटतात? लघवी-संडासचा ताबा सुटतो? हाताची शक्ती दिवसेंदिवस कमी होते आहे? ताप, वजन उतरणं, आधी कुठे कॅन्सर झालेला असणं, पडल्याचा मार? यातलं एकही 'हो' असेल तर व्यायाम नाही, मोठ्या रुग्णालयात, आणि लवकर. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून आहे. गावातून तिथे पोचेपर्यंतचे दोन दिवस, मजुरी बुडणं, सोबतीला कोण, पोरांना कोण बघणार, हे प्रश्न गटाने उचलायचे आहेत. बाई एकटी असली की ती हे सगळं मोजते आणि घरीच राहते.

उरलेल्यांसाठी आम्ही गटात व्यायाम सुरू केला तो एका वेगळ्याच अडचणीमुळे. घरी करायला सांगितलं होतं. कुणीच केला नाही. मी चिडले, मग घरोघरी गेले तेव्हा कळलं. दोन खोल्यांच्या घरात सून सासऱ्यासमोर उताणी पडणार कशी? दिवसाढवळ्या आडवी झालेली बाई एकतर आजारी नाहीतर आळशी. पुरुष बाजेवर पडतो तेव्हा तो दमलेला असतो. तक्त्यावर 'पाठीवर झोपा' हे दोन शब्द छापलेले असतात आणि ते छापणाऱ्याला ही अडचण आहे याची कल्पनाही नसते. म्हणून समाजमंदिर. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते साडेसात, दार आतून लावून. आमच्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने आधी प्रत्येकीला तपासलं आणि ती महिन्यातून एकदा येऊन बघते. पहिल्या दिवशी बाहेर पोरं टोळक्याने उभी राहून हसत होती. आत बायकाही हसत होत्या. पंचवीस वर्षांच्या संसारात दिवाबत्तीच्या वेळी आपण आडव्या पडलो, याचंच त्यांना हसू येत होतं.

व्यायामाने सगळ्यांना बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. काहींचा ठणका उतरला, काहींना फक्त झोप लागायला लागली. शेंदुर्णीकडे माहेर असलेल्या एकीला काहीच फरक पडला नाही, ती तरी येते. अर्धा तास कुणी हाक मारत नाही म्हणून येते, असं तिने स्वच्छ सांगितलं. पण एक वेगळी गोष्ट झाली. एकत्र पडून दहा आकडे मोजताना खेपांचा हिशेब निघाला. कोण किती हंडे आणतं, कुणाकडे पुरुष आणतो. तेव्हा एकीने बरोबर हेरलं: डोक्यावर हंडा घेणारा पुरुष गावात एकही नाही, पण सायकलला किंवा मोटारसायकलला कॅन बांधून पाणी आणणारे पुष्कळ आहेत. चाक आलं की पाणी भरणं हे पुरुषाचंही काम होतं. मग तिने घरात भांडण न करता नवऱ्याच्या मोटारसायकलला दोन कॅन अडकवायची लोखंडी पट्टी तेवढी करून घेतली.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. मी ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये जाते तिथे फिजिओथेरपिस्ट मला कधी भेटलेली नाही. ग्रामीण रुग्णालयातून आठवड्यातला एक ठरलेला दिवस तिने केंद्रात यावं, तोही बाजाराचा दिवस, म्हणजे बायकांना बाहेर पडायला निमित्त मिळेल. आशा ताईंना वरचे धोक्याचे प्रश्न शिकवावेत. चिठ्ठीवर 'व्यायाम' लिहिणाऱ्या डॉक्टरांनी त्यापुढे किती, कसा, कधी ते लिहावं आणि 'ओझं नको' असं लिहून खाली सही करावी. तोंडी सांगितलेलं घरी टिकत नाही. सहीची चिठ्ठी सासूला दाखवता येते. त्या पट्ट्याने मला हे शिकवलं.

पहिल्या परिच्छेदातली मावशी आता हात डोक्यावर ठेवून झोपत नाही असं नाही, कमी ठेवते. समाजमंदिराची किल्ली सरपंचांच्या घरी असते. संध्याकाळी ती आणायला ती आणि तिची जाऊ अशा दोघी जातात. एकटीने मागितली तर "सापडत नाही" म्हणतात.